बिनखाडाखोडीचं रजिस्टर

मार्तंड गुरुजींना नावं ठेवायला गावाला कधी शब्द कमी पडले नाहीत. कडक, ताठर, हेकट, तिरसट, काटेकोर, कर्दनकाळ. आडावर बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणायच्या, "आली बघा वाळकी बाभळ." पारावरचे म्हातारे म्हणायचे, "माणूस इमानी हाय, पर लई करकरीत." निवांत, मोकळा, सैल असा एखादा शब्द अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी चुकून वापरला असेल, तर तो कुणाला आठवत नाही.

अन् गाव कसलं म्हणाल, तर सगळं 'चालतंय की'चं. भूमपासून सहा मैलांवर. दिवसातून एकदा एस.टी. यायची, ती दोन तास उशिरा आली तरी चालतंय की. चावडीचं छप्पर गळतंय, चालतंय की. असल्या गावात हा माणूस निजामाच्या राज्यात मास्तर म्हणून आला. निजाम गेला, हैदराबाद गेलं, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला. राज्यं बदलली, पण गुरुजींची घंटा साडेदहाला पडायची ती पडायचीच. दहा एकतीसला आलेलं पोरगं दुपारपर्यंत उन्हात उभं. मग ते पाटलाचं असो नाहीतर स्वतःचं. स्वतःची वनमालाही एकदा उभी राहिली होती, सात वर्षांची असताना, चक्कर येऊन पडेपर्यंत.

घरात भाकरी ताटात पडायची दहाच्या ठोक्याला. पाच मिनिटं पुढं गेली की गुरुजी न जेवता उठायचे. ओरडले असते तर परवडलं असतं. पण ते नुसते उठायचे, टोपी घालायचे अन् चालू लागायचे, आणि त्यांची बायको प्रेमलाबाई दिवसभर उपाशी. लग्न होऊन आल्या तेव्हा प्रेमलाबाई दळताना ओव्या म्हणायच्या. गळा गोड होता. "पीठ जात्यानं पडतं, गळ्यानं नाही," असं गुरुजी एकदाच म्हणाले. तेव्हापासून त्या घरातलं जातं मुक्यानं फिरायचं. पोरगी हसायची तीसुद्धा शेजारच्या घरी जाऊन.

आता हे सगळं लोक सोसत होते ते एकाच गोष्टीपायी. गुरुजींचं काम चोख. त्यांच्या दप्तरात शाईचा डाग नाही, आकडा गिरवलेला नाही, शब्द खोडलेला नाही. तपासणीला येणारे साहेब गुरुजींचं रजिस्टर उचलून दुसऱ्या मास्तरांच्या नाकासमोर धरायचे. गुरुजींच्या कोरड्या जिवाला तेवढीच काय ती चैन होती.

तर ते रजिस्टर.

निजामाच्या काळात शाळेत पोरगं घातलं की त्याची जन्मतारीख उर्दूत लिहायची, अन् साल फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी मोजणीचं. आजूर, दय, बहमन असे महिने. विलीनीकरणानंतर, सन पन्नासला, हुकूम आला की जुनी रजिस्टरं मराठीत उतरवा आणि सगळ्या तारखा इंग्रजी करा. जिल्ह्यातल्या मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या गावचे बाबूराव मास्तर मात्र खाटेवर पडून हसले. बाबूराव म्हणजे दिलखुलास माणूस. तोंडात पान, धोतराचा सोगा जमिनीवर. त्यांनी आईबापांना बोलावलं, "पोरगं कवा झालं वो?" म्हणून विचारलं, "ज्वारी काढायच्या टायमाला" असं उत्तर मिळालं की लिहिलं एक जून. पावसात झालेला, एक जून. दिवाळीतली, एक जून. साल आईबाप म्हणतील ते, जमलं तर एखाद्या वर्षानं लहानच. दोन दिवसांत काम खलास. त्या गावातली अख्खी पिढी एका दिवशी जन्माला आली, अन् गावाच्या बायका त्या दिवशी काय करत होत्या म्हणून लोक अजून चेष्टा करतात.

गुरुजींनी उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात घातली. दोनशे सतरा नावं. भिंतीला महिन्यांचा तक्ता टांगला, कुठला फसली महिना म्हणजे इंग्रजी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दिवसा-दिवसाचा हिशोब लावला. सालाला मात्र एकच नियम केला: फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे. पुरं झाल्यावर बाबूरावांना म्हणाले, "तुम्ही पोरांच्या आयुष्याशी खेळलात. लाज वाटायला हवी."

बाबूराव पिचकारी टाकून म्हणाले, "मार्तंडराव, आयुष्य पोरांचंय, तुमचं न्हाय. जरा ढील द्या की."

नऊ वर्षांनी, एकोणसाठच्या जूनमध्ये, चाँदपाशा शिंपी शाळेत आला. गुरुजींचे सदरे तोच शिवायचा, पंधरा ऑगस्टचा झेंडाही त्याच्याच मशीनवर शिवलेला. त्याचा थोरला आयुब सरकारी नोकरीच्या भरतीला निघाला होता. वयाची अट एकवीस वर्षांच्या आत. अन् दाखल्यावर जन्म मे अडतीसचा. एका महिन्यानं गडी बाद होत होता.

"मास्तरसाब," चाँदपाशा हात जोडून म्हणाला, "काय तरी गलती झाली असंल. पोरगं येक साल लहान हाय."

"माझ्या रजिस्टरात गलती नसते."

"साब, ह्या तारखेला तर माझा निकाह बी झाला न्हवता. त्याच्यानंतर दोन म्हैन्यानं झाला. मंग पोरगं आधी कसं व्हईल?"

खोलीत आणखी दोघं बसले होते. गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, "ते तुमचं तुम्ही बघा. रजिस्टर बरोबर आहे."

दोघंही फिस्सकन हसले. गुरुजींना विनोद करायचा नव्हता, त्यांना विनोद येतच नव्हता. पण बोलणं गेलं ते थेट मदिनाबीच्या अब्रूवर, म्हणजे चाँदपाशाच्या बायकोच्या. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ती बाई महिनाभर पाण्याला बाहेर पडली नाही.

चाँदपाशा शाळेतून उठला तो रस्त्यात उभा राहिला अन् सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाला, "मास्तरसाब, अल्ला बघतोय. ह्येच रजिस्टर येक दिवस तुमच्या औलादीच्या आड येईल!" आयुबची भरती हुकली. तो बापाच्या शेजारी मशीनवर बसला आणि तिथंच राहिला. गुरुजी सदरे भूमला शिवायला टाकू लागले.

त्यानंतर तीन वर्षांनी, सन बासष्टला, वनमालेचा नंबर आला.

पोरगी गुणाची. गणितात तर अशी की बापसुद्धा मनातल्या मनात मान डोलवायचा. तोंडानं कधी बोलला नाही ही गोष्ट वेगळी. सातवीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली, मग चार वर्षं घरी बसली, कारण गुरुजींनी 'योग्य वेळ' ठरवायची होती. आता धाराशिवला बायकांच्या ट्रेनिंगच्या जागा निघाल्या होत्या. राहायची सोय, वर महिन्याचा भत्ता, अन् दोन वर्षांनी मास्तरीण. गुरुजींनी चक्क होकार दिला. पण अट घातली, अटीशिवाय त्यांना घास उतरत नव्हता: जागा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर उमरग्याचं स्थळ. उमरग्याचा राघवेंद्र म्हणजे कचेरीत कारकून, पस्तिशीचा बिजवर, दोन लेकरं पदरात. वनमालेनं मान हलवली. जागा मिळणार याची तिला खात्रीच होती. आठ दिवस ती घरात चालताना पाय जमिनीला लावत नव्हती. प्रेमलाबाईंनी गुपचूप तिच्यासाठी दोन लुगडी बाजूला काढून ठेवली.

फॉर्मवर अट होती: एक जूनला वय वीसच्या आत. फॉर्म पंधरा तारखेपर्यंत पोचायला हवा होता. वनमालेनं शाळेच्या दप्तरातून आपली तारीख उतरवून आणली, एप्रिल बेचाळीस, म्हणजे वीस वर्षं अन् दोन महिने. तिनं येऊन आईला सांगितलं.

"अगं, असं कसं होईल?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "तू माझ्या पोटची, मला नाही का ठाऊक? थांब." त्यांनी पेटीतून पत्रिका काढली. हळदीचं बोट लागलेली, आजोबांनी मांडलेली. शके अठराशे पासष्ट, चैत्र. वनमालेनं अठ्ठ्याहत्तर मिळवले. एकोणीसशे त्रेचाळीस. पुन्हा मिळवले, पुन्हा त्रेचाळीसच. मग तिनं बापाचा फसलीचा तक्ता काढला, जो अजून घरातच होता, अन् पाटीवर मांडून बघितलं. अर्ध्या तासात तिला कळलं.

चूक अशी होती. फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल बरोबर येतं. पण जानेवारी उजाडली की इंग्रजी साल एकानं पुढं जातं, फसली जागच्या जागी राहतं. तिथं पाचशे एक्याण्णव पाहिजेत. दिवस-दिवस मोजणाऱ्या बापानं अख्खं वर्ष गिळलं होतं, लेकीचं नाव आलं तरी थांबून बघितलं नव्हतं.

तिनं पाटी गुरुजींसमोर धरली. "अण्णा, एकदा बघता का?"

गुरुजींनी बघितलं. टोपी घातली आणि सुट्टीतल्या बंद शाळेत गेले. आतून कडी लावली, कपाटावरचं जुनं उर्दू रजिस्टर काढलं, धूळ झटकली अन् पहिल्या नावापासून बसले. दुपार टळली. दोनशे सतरापैकी चव्वेचाळीस बरोबर, एकशे त्र्याहत्तर चूक. एकशे त्र्याहत्तर लेकरं त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एका वर्षानं म्हातारी करून ठेवली होती. चौऱ्याऐंशीव्या नावावर बोट थांबलं. आयुब वल्द चाँदपाशा. महिना तीर, साल तेराशे अठ्ठेचाळीस. म्हणजे मे एकोणचाळीस. निकाहानंतर दहा महिन्यांनी.

'ते तुमचं तुम्ही बघा.' स्वतःचाच आवाज त्यांच्या कानात आला. मदिनाबीचं दार महिनाभर बंद होतं ते आठवलं. त्या खोलीत माणूस म्हणून जेवढं रडायला पाहिजे होतं तेवढं रडू गुरुजींच्या गळ्यापर्यंत आलं, हे खोटं नाही. पण गळ्यातून वर ते आलंच नाही. त्याच्या आधी दुसरीच गोष्ट वर आली: आता साहेब काय म्हणतील? बाबूराव काय म्हणेल?

करायचं होतं ते अवघड नव्हतं. धाराशिवच्या साहेबांना एक अर्ज, सोबत जुनं रजिस्टर. 'माझ्या हातून हिशोबात चूक झाली, दुरुस्तीची परवानगी मिळावी.' दहा दिवस हातात होते. साहेब खवळले असते, चौकशी लागली असती, लाल शाईचा एक शेरा बसला असता. फाशी तर कुणी देत नव्हतं!

रात्रीच्या जेवणाला गुरुजी बसले तेव्हा वनमाला दाराशी उभी होती.

"अण्णा, दुरुस्त करणार ना?"

"तुझी एकटीची दुरुस्त केली तर लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीसाठी रजिस्टर फिरवलं."

"मग सगळ्यांचीच करा."

गुरुजींनी ताटाकडे बघितलं. "तुला त्यातलं कळत नाही," ते म्हणाले. पोरगी जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती, अन् आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींनी नजर दुसरीकडे फिरवली.

दोन दिवसांनी बाबूराव आले. प्रेमलाबाईंनीच निरोप धाडला होता, कुणाला न सांगता. "मार्तंडराव, एवढं काय त्यात? पोरगी दोन म्हैने माझ्या शाळेत होती म्हणून दाखवतो. दाखला देतो. एक जून, त्रेचाळीस. चालतंय की!"

"माझ्या घरात खोटेपणा चालत नाही. उठा!"

बाबूराव उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "माझ्या खोट्या तारखांनी तीस पोरं नोकरीला लागली बघा. तुमच्या खऱ्यानं किती लागली?" अन् निघून गेले. गुरुजींच्या हिशोबातल्या चुकीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते आपले रागानं बोलले होते.

तेरा तारखेला गुरुजींनी दाखला लिहिला. शाळेचा नवा कोरा कागद, टाक, दौत, वळणदार अक्षर. जन्मतारीख: एप्रिल एकोणीसशे बेचाळीस. खाली 'रजिस्टरप्रमाणे बरोबर असे' म्हणून सही. ती लिहिताना हात जरासुद्धा हलला नाही. आता सांगा, या हाताला काय म्हणावं? अजाणता चुकलेला हात वेगळा. हा तर सगळं जाणून बरोबर ओळीत चालला होता.

वनमालेनं दाखला वाचला. घडी घातली, पण तो फॉर्ममध्ये ठेवला नाही, फॉर्म पाठवलाही नाही. लग्नाची बोलणी झाली तेव्हा उमरग्याच्या मंडळींनी मुलीची पत्रिका मागितली. गुरुजींनी स्वतः पेटी उघडली अन् दिली. शके अठराशे पासष्ट. "मुलीला एकोणीस पुरी झाली," असं ते व्याह्यांना म्हणाले. पत्रिकेत खोटं चालत नाही ना! आतल्या खोलीत वनमाला ते ऐकत होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला, बस, एवढंच केलं.

लग्न श्रावणाच्या आधी उरकलं. एस.टी.त बसताना लेकी रडतात. ही रडली नाही. आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या पाया पडली, आणि सरळ उभी राहून हळूच म्हणाली, "अण्णा, तुम्ही चुकला होतात तोवर माझी काही तक्रार नव्हती. माणूस चुकतो. पण कळल्यावर तुम्ही सही केलीत." बस सुरू झाली. गुरुजी घड्याळ बघत उभे होते.

पुढं दिवाळीला पोरगी आली नाही. संक्रांतीला आली नाही. राघवेंद्राचं चार ओळींचं पत्र यायचं, सर्व कुशल म्हणून. प्रेमलाबाई ते पत्र कुणाकडून तरी परत परत वाचून घ्यायच्या, नवऱ्याकडून नाही. घरात भाकरी अजून दहाच्या ठोक्यालाच पडायची. फक्त आता गुरुजी जेवले काय अन् उठले काय, प्रेमलाबाई आपलं ताट वाढून घ्यायच्या.

अन् गाव? गावात गुरुजींचं नाव झालं! अशी गंमत असते बघा. पोरीची जागा दोन महिन्यांसाठी हुकली पण मास्तरनं रजिस्टर हलवलं नाही, ही गोष्ट पारावर चढली. "पोटच्या लेकीला सुदीक सूट दिली न्हाय. ह्याला म्हंत्यात मानूस!" ज्या तोंडांनी वाळकी बाभळ म्हटलं तीच तोंडं आता हरिश्चंद्र म्हणायला लागली. भूमच्या सभेत साहेबांनी गुरुजींच्या गळ्यात हार घातला. गुरुजींनी घालून घेतला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याआधी, एका सकाळी, चाँदपाशा घरी आला. केस पांढरे झालेले, काखेत कागदात बांधलेलं काहीतरी. ओसरीच्या पायरीशीच उभा राहिला.

"मास्तरसाब, आत येऊ का?"

"या."

तो येऊन खाली बसला. जमिनीकडं बघत बोलायला लागला. "साब, चार साल झाले. माझ्या दिलावर धोंडा हाय. त्या दिवशी रस्त्यात म्या तुमच्या औलादीला बद्दुआ दिली. तुमी माझ्या पोराची तारीख बदलली न्हाय म्हून. मला वाटलं, हा मानूस गरिबाचा दुश्मन हाय. पर तुमी सोताच्या पोरीची बी बदलली न्हाय. मंग मला कळलं, तुमी खरे हाव. गलती आमचीच असंल. आमी अडाणी मानसं, निकाहाचं साल बी आमीच चुकलो असू. मदिना बी म्हनली, जा अन् माफी मागून या." त्यानं हात जोडले. "माझीच बद्दुआ लागली वो त्या लेकराला. मला माफ करा, साब." त्यानं कागद सोडला. आत पांढरा सदरा होता, अंदाजानं शिवलेला, पण माप तेच.

गुरुजींनी सदऱ्याकडे बघितलं. बोलायला एवढी सोपी वेळ देव पुन्हा देत नसतो. ओसरीवर तिसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, बाबूराव नव्हते, लाल शाई नव्हती. समोर फक्त तो माणूस, हात जोडून.

गुरुजींनी घसा साफ केला.

"असू दे, चाँदपाशा," ते म्हणाले. "होतं माणसाच्या हातून."

चाँदपाशानं डोळे पुसले अन् त्यांचे पाय शिवायला तो पुढं वाकला.

"थांबा भाऊ." प्रेमलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. बावीस वर्षांत परक्या माणसासमोर त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी चहा चाँदपाशासमोर ठेवला, पदर खोचला, आणि गुरुजींकडं वळल्या. आवाज चढला नव्हता.

"तुम्ही सांगता, का मी सांगू?"

गुरुजींनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा त्या वाकलेल्या माणसाकडं. मग उठले, खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली. "शाळेची वेळ झाली," असं म्हणाले अन् पायऱ्या उतरून चालायला लागले. त्या दिवशी रविवार होता.

प्रेमलाबाई चाँदपाशासमोर खाली बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.